ट्रामखाली 'आदर्श उत्तर' छापू नका: नीतिशास्त्राच्या नोट्स काढणाऱ्यांना खुलं पत्र

स्पर्धा परीक्षांसाठी नीतिशास्त्र शिकवणाऱ्या, नोट्स लिहिणाऱ्या आणि सराव पेपर काढणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३पासून सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर नीतिशास्त्राचा असतो, २५० गुणांचा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यावर हा विषय मराठीतून लिहिणाऱ्या मुलांच्याही वाट्याला आला आणि नोट्सचं पीक फोफावलं. त्या नोट्समध्ये एक चौकट हमखास असते. न थांबणारी ट्राम, पुढच्या रुळावर पाच माणसं, दुसऱ्या रुळावर एक, सांधा बदलून ट्राम त्या एकाकडे वळवायची का, आणि खाली दोन ओळींचं 'आदर्श उत्तर': सांधा बदलला तर तुम्ही उपयुक्ततावादी (ज्यात जास्तीत जास्त लोकांचं भलं ते बरोबर मानणारे), नाही बदलला तर कांटवादी (परिणाम काहीही होवो, कर्तव्य मोडू नये म्हणणाऱ्या कांट या तत्त्वज्ञाचे अनुयायी). पुढचा मुद्दा.

हे पत्र त्या चौकटीबद्दल आहे. मी तत्त्वज्ञान शिकवते. ही चौकट पाठ केलेली मुलं वर्गात समोर असतात आणि त्यांतलीच काही उद्या तहसीलदार, गटविकास अधिकारी होतात, तेव्हा हा प्राध्यापकी काथ्याकूट समजू नये. विचारप्रयोग हे मनाचा पहिला नैतिक कौल तपासायचं साधन आहे: कौल कशामुळे पडला, कशामुळे फिरतो, फिरायला हवा होता का. तुम्ही त्याचं कोडं केलंत, आणि कोड्याला उत्तर लागतं म्हणून उत्तरही छापलंत.

पहिली तक्रार अशी, की तुम्ही जोडीतलं एकच अर्धं छापता. तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ साली गर्भपात आणि 'दुहेरी परिणामाचं तत्त्व' (चांगल्या कृतीतून होणारी इजा आधी दिसत असली, तरी ती हेतू किंवा साधन नसेल तर कृती चालू शकते) यांवर लिहिलेल्या लेखात ही ट्राम आली, तेव्हा ती एकटी नव्हती. शेजारी एक न्यायाधीश होता. जमाव खवळलाय, गुन्हेगार हाती द्या नाहीतर एका वस्तीवर सूड उगवू म्हणतोय. न्यायाधीश एका निरपराध माणसाला अडकवून फाशी देऊ शकतो आणि बाकीच्यांचे जीव वाचवू शकतो. हिशेब तोच, थोड्यांच्या बदल्यात जास्त. तरी बहुतेकांचा कौल ट्राम वळवायला हो आणि निरपराधाला फासावर द्यायला नाही असा पडतो. फूट यांचा प्रश्न होता, हा फरक का? त्यांचं उत्तर असं, की कुणाला इजा न करण्याचं कर्तव्य मदत करण्याच्या कर्तव्यापेक्षा जड असतं. ट्रामचालक काहीही केलं तरी कुणाला तरी मारणारच आहे, म्हणून तो कमी माणसं निवडतो. न्यायाधीशासमोर मात्र एका बाजूला मारणं आहे आणि दुसऱ्या बाजूला वाचवणं. यात तुमचा उपयुक्ततावादही नाही आणि कांटही नाही. शिवाय ट्राम वळवायला दुहेरी परिणामाचं तत्त्वही परवानगी देतं, म्हणजे 'सांधा बदलला की उपयुक्ततावादी' हे समीकरण पहिल्याच पायरीवर कोसळतं.

पुढची गंमत तर तुमच्या चौकटीत पोचलेलीच नाही. ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७६ साली या प्रश्नाला आज रूढ असलेलं नाव दिलं आणि पादचारी पुलावरचा जाडा माणूस आणला: त्याला खाली ढकललं तर त्याच्या अंगाने ट्राम थांबेल आणि पाच जण वाचतील. १९८५ साली त्यांनी चालकाला बाजूला करून सांध्याशेजारी एक वाटसरू उभा केला. हा बदल किरकोळ वाटतो, पण त्याने फूट यांचं उत्तर अडचणीत येतं. वाटसरूने काहीच केलं नाही तर तो कुणाला मारत नाही, फक्त वाचवत नाही. फूट यांच्या हिशेबाने त्याने सांध्याला हात लावता कामा नये, आणि तरी लोक म्हणतात, वळवली तर चालेल. खरा पेच इथे आहे. तुमच्या नोट्समध्ये मात्र वाक्याच्या सुरुवातीला चालक असतो आणि शेवटी वाटसरू, जणू दोघं एकच. २००८ साली थॉमसन यांनी आपलं मत बदललं: वाटसरूला ट्राम वळवायचा अधिकार नाही. समजा ट्राम स्वतःच्या अंगावरही वळवता येत असेल, तरी ते करायला तो बांधील नाही; मग जी किंमत तो स्वतः मोजणार नाही, ती त्याने परक्या माणसाकडून कशी वसूल करावी? ज्यांनी प्रश्नाला नाव दिलं त्यांनी ३२ वर्षांनी उत्तर फिरवलं. तुमचं आदर्श उत्तर पहिल्या आवृत्तीपासून जागचं हललेलं नाही.

तळ्यात मूल बुडताना दिसतंय, उडी मारली तर कपडे खराब होतील, मारायची का, या प्रश्नाचं तेच. तुम्ही ते 'करुणा' या शीर्षकाखाली, चांगल्या अधिकाऱ्याचं उदाहरण म्हणून घालता. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी हा प्रश्न मांडणारा लेख नोव्हेंबर १९७१मध्ये लिहिला, पूर्व बंगालची माणसं मरत होती आणि लाखो निर्वासित सीमा ओलांडून भारतात येत होते तेव्हा. छापून आला १९७२ साली. मूळ लेखात फक्त कपडे चिखलाने माखतात, महागडे बूट नंतर आले. 'मी उडी मारीन' हे तिथे उत्तर नाही, सापळ्यात ठेवलेलं पहिलं पाऊल आहे. कपडे खराब होणं ही सबब चालत नसेल, तर मूल हजार मैलांवर आहे ही सबब का चालावी, आणि आजूबाजूला आणखी लोक आहेत ही? ही दुसरी अर्धी बाजू कापली की उरतं ते सुविचाराचं कॅलेंडर.

दुसरी तक्रार सराव प्रश्नांबद्दल. जोडी बनवताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. सांधा आणि पूल यांची तुलना तुम्ही 'एकच गोष्ट बदललेली' म्हणून देता, पण तिथे निदान चार गोष्टी बदलतात: हाताने ढकलावं लागतं, त्या माणसाचं शरीरच ट्राम थांबवण्याचं साधन होतं, जो धोक्याबाहेर होता त्याला धोक्यात ओढलं जातं, आणि एका माणसाच्या अंगाने ट्राम खरंच थांबेल यावर वाचकाचा विश्वास बसत नाही. कौल बदलला तर चौघांपैकी कुणाला जबाबदार धरायचं? जोशुआ ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली यातली एक गोष्ट वेगळी काढून पाहिली. पूल तोच, माणूस तोच. एकदा हाताने ढकलायचं, एकदा बटण दाबून त्याच्या पायाखालची झडप उघडायची. ढकलायला साधारण एक तृतीयांश लोकांनी मान्यता दिली, बटणाला साठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्याला आपण तत्त्व समजत होतो त्यातला बराच भाग हाताच्या स्पर्शाचा होता. स्पर्श नैतिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे का, हा पुढचा प्रश्न. पण निदान तो विचारता तरी येतो.

जोडी नीट कशी बांधतात याचा नमुना जेम्स रेचल्स यांचा, १९७५ सालचा. वारशाच्या पैशासाठी दोघांना आपापल्या सहा वर्षांच्या चुलतभावाचा जीव हवा आहे. एक न्हाणीघरात शिरून मुलाला टबात बुडवतो. दुसरा त्याच हेतूने शिरतो, पण मूल आपणच घसरून, डोकं आपटून पाण्यात पडतं आणि हा नुसता बघत उभा राहतो. वर आलंच तर दाबायच्या तयारीत. हेतू तोच, फायदा तोच, परिणाम तोच. बदललं एवढंच, की एकाने मारलं आणि दुसऱ्याने मरू दिलं. यावरून 'मारणं आणि मरू देणं यांत कुठेच फरक नसतो' असं म्हणणं मात्र उडी ठरेल. एका जोडीत जे वजन शून्य दिसलं ते दुसऱ्या संदर्भातही शून्यच असेल याची हमी नसते, हे शेली केगन यांनी १९८८ साली नीट दाखवलंय.

तिसरी तक्रार थोडक्यात. 'करायलाच हवं का', 'केलं तर चालेल का' आणि 'तुम्ही कराल का' हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला नाही आणि दुसऱ्याला हो म्हणणारा माणूस गोंधळलेला नसतो. तिसरा तर नीतीचा प्रश्नच नाही, स्वतःबद्दलचा अंदाज आहे. सराव पेपरांत 'आपण काय कराल?' असं विचारून पहिल्या प्रश्नाचे गुण दिले जातात.

चौथी तक्रार मांडणीची. ट्व्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली ६०० माणसांच्या जिवावरच्या साथीचा प्रश्न विचारला. 'या योजनेत २०० जण नक्की वाचतील' असं लिहिलं तेव्हा ७२ टक्के लोकांनी ती योजना घेतली. तीच योजना '४०० जण मरतील' अशी लिहिली तेव्हा २२ टक्क्यांनी. क्रमही तसाच फसवतो. आधी पूल दाखवून मग सांधा दाखवला तर सांध्यावरचा कौलही कडक होतो, आणि २०१२ सालच्या श्विट्झगेबल-कुशमन यांच्या अभ्यासात तत्त्वज्ञानाचे व्यावसायिक अभ्यासकही यातून सुटले नव्हते.

भाषेचा मुद्दा तर आपल्यासाठी अगदी घरचा. २०१४ सालच्या एका बहुदेशीय अभ्यासात पुलावरून ढकलायला मातृभाषेत वाचणाऱ्यांपैकी २० टक्के तयार झाले, परकी भाषा म्हणून शिकलेल्या भाषेत वाचणाऱ्यांपैकी ३३ टक्के. तुमचे विद्यार्थी प्रश्न इंग्रजी पुस्तकातून वाचतात, चर्चा अर्ध्या इंग्रजीत करतात आणि उत्तर मराठीत लिहितात. कौल कुठल्या भाषेत घेतला, हे त्यांना विचारता तरी का?

यात आपल्याकडची एक भर. प्रश्नातल्या माणसाला आडनाव दिलंत की जात, धर्म, गाव सगळं आत येतं. 'एका रुळावर पाटील, दुसऱ्यावर शेख' असं लिहिल्यावर तुम्ही ट्राम तपासत नाही, पूर्वग्रह तपासता. तेच तपासायचं असेल तर जरूर तपासा, नावांची अदलाबदल करून दोन कागद वाटा. नकळत नको.

पाचवी तक्रार सर्वांत मोठी, आणि ती ट्रामपलीकडची आहे. 'नैतिक द्वंद्व' म्हणून तुम्ही छापता त्यांतली बहुतेक प्रकरणं द्वंद्व नसतातच. ठेकेदार पाकीट सरकवतोय, वरिष्ठ म्हणतात सही कर, घरी आईच्या ऑपरेशनला पैसे हवेत. काय बरोबर हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ते करायची हिंमत आहे का, एवढाच सवाल. याला लालूच म्हणतात, दबाव म्हणतात. ओळखायची कसोटी सोपी आहे: कुठलीही बाजू घेतली तरी कुणाची तरी रास्त तक्रार तुमच्या विरुद्ध शिल्लक राहते का? ठेकेदाराची रास्त तक्रार काहीच नसते. बर्नार्ड विल्यम्स यांच्या १९७३ सालच्या उदाहरणात वीस माणसांना मारायला निघालेले सैनिक जिम नावाच्या पाहुण्याला सांगतात, तू एकाला गोळी घाल, उरलेले १९ सोडतो. नाहीतर वीसही मरतील. तिथे दोन्हीकडे देणं अंगावर राहतं. अशा प्रश्नांचा सराव न झालेला अधिकारी खऱ्या पेचातही एकच बाजू बरोबर असेल असं धरून चालतो.

आयात मालाशिवाय भागत नाही, असं मात्र नाही. भारतीय दंड संहितेच्या, १८६० सालच्या, कलम ८१खालचं पहिलंच उदाहरण काढून पाहा. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १९खाली आहे. जहाजाच्या कप्तानासमोर, त्याची काही चूक नसताना, अशी वेळ येते की दिशा बदलली नाही तर वीस-तीस प्रवाशांची होडी चिरडली जाणार. बदलली तर फक्त दोन प्रवाशांच्या दुसऱ्या होडीला धोका. त्याने सद्भावनेने दिशा बदलली तर तो गुन्हेगार नाही. फूट यांच्या ट्रामच्या १०७ वर्षं आधी हे भारताच्या कायद्यात छापलेलं होतं. पण वाचा बारकाईने: दुसरी होडी कदाचित चुकवताही येईल, असं तिथे म्हटलंय, आणि तिला धडकण्याचा हेतू नसला पाहिजे. म्हणजे कायद्याने मृत्यू निश्चित ठेवला नाही, जोखीम ठेवली. ती काढून टाका आणि दोन प्रवाशांचा मृत्यू निश्चित करा. कायदा अजून कप्तानाला सोडेल का? प्रशासनात जाणाऱ्या मुलासाठी याहून चांगला तास कुठला?

महाभारतातल्या कर्णपर्वातही अशी जोडी तयार आहे. गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा, आणि ते म्हणून बसतो युधिष्ठिर. अर्जुन तलवार उपसतो तेव्हा कृष्ण त्याला थांबवून दोन गोष्टी सांगतो. बलाक नावाचा व्याध पाणी पिणाऱ्या एका आंधळ्या श्वापदाला मारतो; ते सर्व प्राण्यांच्या नाशाला उठलेलं असतं, याची बलाकाला कल्पना नसते, तरी तो स्वर्गात जातो. कौशिक नावाचा सत्यव्रती ब्राह्मण, लपलेली माणसं कुठे गेली हे दरोडेखोरांना खरंखरं सांगतो. माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. आता एकेक गोष्ट बदला. बलाकाचा नेम चुकला असता तर? कौशिक गप्प राहिला असता तर? लपलेली माणसं त्याने सांगण्याआधीच निसटली असती तर? कौशिकाची गोष्ट तुमच्या नोट्समध्ये आहे, बलाकाची नाही. पुन्हा अर्धी जोडी.

नुसत्या तक्रारी नकोत म्हणून एक संच बांधून दाखवते.

मूळ रूप: मध्यरात्र, पूर चढतोय. मुख्य प्रवाह असाच राहिला तर खालच्या वाडीतली पाच माणसं बुडणार. शाखा अभियंत्याने बाजूचा दरवाजा उघडला तर पाणी चराकडे वळेल आणि तिथल्या शेतघरातला एक माणूस बुडेल. कुणालाही सावध करायला वेळ नाही, आणि दोन्ही परिणाम निश्चित धरा. हे शेवटचं वाक्य गाळू नका; गाळलंत तर अर्धा वर्ग 'आधी भोंगा वाजवीन' असं लिहून मोकळा होतो.

दुसरं रूप: दरवाजा उघडणारा अभियंता नाही, तिथे अडकलेला एक गावकरी आहे. पद आणि अधिकार तेवढे गेले.

तिसरं रूप: पुन्हा अभियंता. पण शेतघरातला माणूस काल याच अभियंत्याच्या सांगण्यावरून, 'ही जागा सुरक्षित आहे' म्हणून तिथे येऊन राहिलाय. आकडे तेच. ट्रामच्या प्रश्नात रुळावरच्या माणसांशी चालकाचं पूर्वीचं काही नातं नसतं. प्रशासनात मात्र ते जवळपास नेहमीच असतं, म्हणून हे रूप सगळ्यांत मोलाचं.

चौथ्या रूपात सगळे चुकतात. माणसाला साधन म्हणून वापरणं तपासायचं असतं आणि प्रश्न काढणारा लिहितो: बांधाचं भगदाड बुजवायला एक मालट्रक आत ढकलायचा, केबिनमध्ये चालक झोपलाय. इथे भगदाड ट्रकने बुजतं, चालकाने नाही. चालक आत नसता तरी काम झालंच असतं, म्हणून त्याचा मृत्यू हा मूळ रूपासारखाच आनुषंगिक परिणाम आहे. साधन तपासायचं तर त्या माणसावाचून काम अडलं पाहिजे. उदाहरणार्थ, परत येणार नाही हे ठाऊक असताना चौकीदाराला 'धोका नाही, फळी लावून ये' म्हणून खाली पाठवणं. पण मग खोटं बोलणंही आत शिरलं. ते वेगळं काढायला पाचवं रूप लागेल: खोटं न बोलता, खरा धोका सांगून दिलेला हुकूम.

प्रत्येक रूप वेगळ्या कागदावर द्या. पुढचा कागद उघडण्याआधी विद्यार्थ्याने हो किंवा नाही, खात्री १ ते ७ यांपैकी किती, आणि एका वाक्यात कारण लिहायचं. अर्ध्या वर्गाला क्रम उलटा. मग प्रत्येकाने आपला कौल कुठे फिरला ते पाहायचं, त्या जागी कुठलं तत्त्व काम करत होतं ते मांडायचं, आणि ते तत्त्व जिथे न पटणारं उत्तर देईल असं एक प्रकरण स्वतः शोधायचं. मग ठरवायचं, तत्त्व दुरुस्त करायचं की कौल सोडायचा. जॉन रॉल्स यांनी १९७१ साली चिंतनशील समतोल म्हटलं ते हेच येणंजाणं. कौल नेहमी खरा नसतो आणि तत्त्वही नसतं. एक तास पुरत नाही, दोन लागतात. 'अभ्यासक्रम संपवायचाय' ही तुमची अडचण मला मान्य आहे. मग सहा विचारप्रयोग ओझरते घेण्याऐवजी एकच घ्या.

तर मागण्या अशा आहेत. विचारप्रयोगाखालचं 'आदर्श उत्तर' काढून टाका आणि त्या जागी दोन्ही बाजूंना ज्याला तोंड द्यावं लागेल असा एकेक कठीण प्रश्न छापा. कुठलंही प्रकरण एकटं देऊ नका. निदान दोन रूपं द्या आणि काय बदललं ते सांगा. 'हवं का', 'चालेल का' आणि 'कराल का' वेगवेगळे विचारा. माणसांना आडनावं देऊ नका. फूट यांचा चालक आणि थॉमसन यांचा वाटसरू वेगळे लिहा, आणि २००८चं मतांतर घाला. लाच आणि दबावाची प्रकरणं 'द्वंद्व' या शीर्षकाखालून हलवा. सराव पेपर तपासताना 'कुठली वस्तुस्थिती बदलली तर माझं उत्तर बदलेल' हे लिहिणाऱ्याला गुण द्या, आणि नुसती वादांची नावं चिकटवणाऱ्याचे कापा.

यातली शेवटची मागणी पुढच्या चाचणीपासून अमलात आणता येईल, त्याला नवी आवृत्ती लागत नाही. वरचा पुराचा संच कुणाची परवानगी न घेता वापरा. त्यात कुठे दोन गोष्टी एकदम बदललेल्या सापडल्या तर जाहीरपणे दाखवा.

आपली,
तत्त्वज्ञानाची एक शिक्षिका